फिशटँकमधले न दिसणारे सफाई कामगार : नायट्रोजन चक्राचा एक जिवंत पाठ



आजचा पाठ आहे घरातल्या किंवा वर्गातल्या फिशटँकचा. विषय विज्ञानाचा असला तरी थोडे गणित आणि थोडा परिसर अभ्यासही यात येतो. पाठाची सुरुवात माझ्या एका चुकीने करतो, कारण ही चूक तुमच्यापैकी अनेकांच्या घरी होत असणार.

आमच्या वर्गात दोन फुटी काचेची टाकी होती. त्यात सात मासे होते, काही गप्पी आणि काही मॉली. चार-पाच महिने सगळे छान चालले होते. मग शाळेत पाहुणे येणार असे कळले आणि मी मुलांना सांगितले, "टाकी चकाचक करा." मुलांनी मनापासून काम केले. सगळे पाणी ओतून दिले, तळाची वाळू नळाखाली खळखळून धुतली, फिल्टरचा स्पंज पांढरा होईपर्यंत पिळला आणि काच पुसून लख्ख केली. नवीन पाणी भरले, मासे परत सोडले. पाहुण्यांनी कौतुक केले.

तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. आठवडा संपेपर्यंत पाच मासे गेले. ज्या मुलीने स्पंज धुतला होता ती मधल्या सुट्टीत येऊन म्हणाली, "सर, मी नीट धुतला नव्हता का?" मी म्हणालो, "नाही गं, पाणी मानवलं नसेल." हे उत्तर चुकीचे होते. तिने स्पंज अगदी नीट धुतला होता, आणि मासे त्यामुळेच मेले. तिला तसे करायला मीच सांगितले होते. का मेले, ते समजून घेणे हाच आजचा पाठ.

१. टाकीतल्या पाण्यात काय घडते?

मासा खातो, श्वास घेतो आणि विष्ठा टाकतो. त्याच्या शरीरात प्रथिनांचे विघटन झाले की अमोनिया तयार होतो. आपले शरीर त्याचा युरिया करून लघवीवाटे बाहेर टाकते. गोड्या पाण्यातला मासा मात्र बहुतेक अमोनिया कल्ल्यांतून सरळ पाण्यात सोडतो. उरलेले खाद्य, कुजलेले पान, कोपऱ्यात मरून पडलेली गोगलगाय यांतूनही अमोनियाच निघतो.

नदीत किंवा तळ्यात पाणी भरपूर आणि मासे त्या मानाने थोडे असतात. आपल्या टाकीत सगळे उलटे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरले तर साधारण ५६ लिटर पाणी मावते. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर ५० लिटरच धरा. माशांचे घर, ताट आणि संडास सगळे एवढ्यातच.

मग मासे जगतात कसे? तर टाकीत दोन प्रकारचे जीवाणू कामाला असतात म्हणून. पहिला गट अमोनियाचे नायट्राइट करतो. दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. अमोनिया विषारी, नायट्राइटही विषारी, नायट्रेट मात्र त्या मानाने खूपच सौम्य. नववीच्या विज्ञानात नायट्रोजन चक्रात आपण ज्याला 'नायट्रीकरण' म्हणून शिकवतो, ते हेच. फळ्यावर ते बाणांच्या आकृतीत असते, टाकीत ते चोवीस तास चालू असते.

हे जीवाणू प्रथम वेगळे काढून ओळखले ते सर्गेई विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाने, १८९० च्या सुमारास, मातीतून. पुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही नावे येतात. नंतरच्या अभ्यासात असे दिसले की फिशटँकमध्ये दुसऱ्या टप्प्याचे काम बहुतेक वेळा नायट्रोस्पायरा करतो. २०१५ साली तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारा नायट्रोस्पायरा सापडला, आणि त्यातला एक शोध मत्स्यपालनाच्या यंत्रणेतील गाळणीतून लागला. मुलांना हे जरूर सांगा. पाठ्यपुस्तकातली गोष्ट अजून पुरती संपलेली नाही, आणि तिचा पुढचा धागा माशांच्या फिल्टरमध्ये सापडला, हे ऐकून त्यांचे डोळे मोठे होतात.

२. हे जीवाणू राहतात कुठे?

बहुतेकांना वाटते की 'मुरलेले पाणी' चांगले असते. प्रत्यक्षात हे जीवाणू पाण्यात फार थोडे असतात. ते पृष्ठभागाला चिकटून राहतात. वाळूचा कण, दगड, झाडाची पाने, काच, आणि सगळ्यांत जास्त फिल्टरचा स्पंज. स्पंजला असंख्य छिद्रे असतात, त्यामुळे मूठभर स्पंजात बसायला प्रचंड जागा मिळते. शिवाय त्यातून पाणी सतत वाहते. म्हणजे अमोनिया आणि ऑक्सिजन दोन्ही दाराशी येतात.

स्पंजवरचा तो तपकिरी, बुळबुळीत थर आपल्याला घाण वाटतो. तीच त्यांची वस्ती. आमच्या मुलीने ती वस्ती नळाच्या पाण्याने धुऊन काढली. त्यात नळाच्या पाण्यात क्लोरीन. नगरपालिका पाण्यात क्लोरीन घालते ती जीवाणू मरावेत म्हणूनच. आपल्या पोटासाठी ते आवश्यकच आहे, पण क्लोरीनला चांगला जीवाणू कोणता आणि वाईट कोणता हे कळत नाही.

३. विरजणाचे उदाहरण

मुलांना हे समजावताना मी दह्याचे उदाहरण देतो. नुसते दूध ठेवून चांगले दही लागत नाही, विरजण लागते. नव्या टाकीचेही तसेच. नवी टाकी, नवी वाळू, नवा स्पंज म्हणजे विरजण न लावलेले दूध. मित्राच्या चालू टाकीतला जुना स्पंज किंवा मूठभर वाळू आणून टाकली की विरजण लागले.

फरक एवढाच की दही एका रात्रीत लागते, टाकी लागायला चार ते सहा आठवडे जातात. नायट्रीकरण करणारे जीवाणू फार सावकाश वाढतात. एकाचे दोन व्हायला त्यांना साधारण अर्धा ते एक दिवस लागतो. आतड्यातला ई-कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, हे शेजारी ठेवून पाहा. आता वीस मिनिटे आणि अर्धा दिवस घेऊन मुलांना विचारा, 'एका दिवसात एकाचे किती होतील?' घातांकाचा पाठ आपोआप होतो.

म्हणूनच दुकानातून टाकी आणि मासे एकाच दिवशी आणले की बहुतेक घरी पहिल्या महिन्यात मासे जातात. घरातले म्हणतात, "आपल्याकडे मासे जगतच नाहीत." लहान मुलाच्या मनात ते वाक्य राहते. खरे तर मासे आधी आले आणि कामगार नंतर, एवढीच गफलत झालेली असते.

४. थोडे गणित : चिमूटभर खाद्याचे काय होते?

हा भाग सातवीपासून पुढे करून घेता येतो.

माशांच्या खाद्यात साधारण ४० टक्के प्रथिने धरू. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे १ ग्रॅम खाद्यात ०.४ ग्रॅम प्रथिने आणि त्यात ०.०६४ ग्रॅम, म्हणजे ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन. हा सगळा पाण्यात आला असे समजू. काही भाग माशाच्या वाढीत जातो, तेव्हा हा जास्तीत जास्त आकडा झाला.

५० लिटर टाकीत रोज १ ग्रॅम खाद्य टाकले तर रोज ६४ ÷ ५० = १.२८ मिलिग्रॅम प्रति लिटर नायट्रोजनची भर पडते. आठवड्याला सुमारे ९. तो सगळा नायट्रेटमध्ये बदलला तर ४.४३ ने गुणायचे, कारण नायट्रेटमध्ये नायट्रोजनसोबत ऑक्सिजनचेही वजन येते. उत्तर येते जवळजवळ ४० मिलिग्रॅम प्रति लिटर, एका आठवड्यात!

आता दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलतो असे धरा. पहिल्या आठवड्यानंतर ४० चे ३० राहिले. पुढच्या आठवड्यात ७० झाले. बदलल्यावर ५२.५. पुन्हा ९२.५. मुलांना वहीत पुढे करत जायला सांगा. आकडा वाढत वाढत १६० पाशी जाऊन थांबतो, कारण १६० चा चौथा हिस्सा ४० आणि भरही ४० चीच. खाद्य पाव ग्रॅमवर आणले की हाच हिशेब ४० पाशी थांबतो. घरच्या टाकीत नायट्रेट ४० च्या आत राहिले तर ठीक मानतात.

याचा अर्थ साधा आहे. पाणी बदलण्याइतकेच खाद्य मोजणे महत्त्वाचे. आजोबा सकाळी टाकतात, आई दुपारी, आणि बाळ्या जाता-येता. मासा नेहमी भुकेला दिसतो, तो त्याचा स्वभाव आहे. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच, दिवसातून एकदा, फार तर दोनदा. घरात 'खाद्यमंत्री' एकच नेमा.

५. सिन्नरच्या पाण्याची गोष्ट

आपला तालुका पर्जन्यछायेचा. अनेक घरांत बोअरचे किंवा विहिरीचे पाणी, आणि ते बहुधा जड. साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो. या जड पाण्याचे माशांच्या टाकीत एक चांगले आणि एक वाईट असते.

चांगले असे की नायट्रीकरणात आम्ल तयार होते. जड पाण्यात सहसा बायकार्बोनेट भरपूर असते, ते हे आम्ल शोषून घेते. त्यामुळे टाकीचा सामू एकदम घसरत नाही आणि जीवाणूंचे काम थांबत नाही. मऊ किंवा आरओच्या पाण्यात तो घसरू शकतो. म्हणून 'शुद्ध' म्हणून नुसते आरओचे पाणी टाकीत भरू नका.

वाईट असे की सामू जास्त असला की अमोनिया जास्त विषारी होतो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम आयन, जो कमी घातक. दुसरा मुक्त अमोनिया, जो कल्ले जाळतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियाचा साधारण अर्धा टक्काच मुक्त रूपात असतो. सामू ८ झाला की तो साधारण पाच टक्के होतो. दहापट! म्हणून आपल्या भागात नवी टाकी लावताना घाई जास्त महागात पडते.

आता शेताकडे या. कांद्याला युरिया टाकला की जमिनीत त्याचे अमोनियम होते आणि मग याच जीवाणूंच्या भाऊबंदांकडून नायट्रेट. पीक नायट्रेट घेते, उरलेले पाण्याबरोबर खाली झिरपते आणि विहिरीत उतरू शकते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा जास्त नसावे असे भारतीय मानक सांगते. तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती त्याने कमी होऊ शकते. टाकीत नायट्राइट वाढले की माशाच्या रक्तात नेमके हेच होते, रक्त तपकिरी पडते आणि मासा भरपूर हवा असूनही गुदमरतो. शेत, विहीर, बाळ आणि मासा एकाच चक्रावर आहेत, हे मुलांना आपल्या गावातच दाखवता येते.

आणखी एक गंमत. माळेगाव औद्योगिक वसाहतीतले गारगोटी संग्रहालय मुलांनी सहलीत पाहिले असेल. तिथे आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातल्या पोकळ्यांत तयार झालेली सुंदर झिओलाइट खनिजे आहेत. स्टिलबाइट, ह्यूलँडाइट वगैरे. झिओलाइटच्या आत सूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्या आयनांची अदलाबदल करतात. ह्यूलँडाइटचा जवळचा नातलग असलेला क्लिनोप्टिलोलाइट पाण्यातला अमोनियम धरून ठेवतो, म्हणून माशांच्या दुकानात तो अमोनिया काढणारे खडे म्हणून मिळतो. अडचणीच्या वेळी उपयोगी आहे, पण कायमचा आधार नको. खड्यांनी सगळा अमोनिया खाल्ला तर जीवाणू उपाशी राहतात. आणि खडे भरले की काम थांबते, तेही न सांगता.

६. घरी आणि वर्गात काय करावे?

१) टाकी आधी, मासे नंतर. फिल्टर आणि हवेचा पंप लावून टाकी चालू करा. रोज चिमूटभर खाद्य टाका, मासे नसले तरी. कुजून त्याचा अमोनिया होईल आणि जीवाणूंना जेवण मिळेल. चालू टाकीतला स्पंज मिळाला तर उत्तम, मात्र ती टाकी निरोगी असावी.

२) मासे थोडे थोडे सोडा. आधी दोन-तीन, मग दोन आठवड्यांनी आणखी. जीवाणूंची संख्या जेवणाप्रमाणे वाढते, त्यांना वेळ द्या.

३) स्पंज धुवायचाच, पण टाकीतून काढलेल्या पाण्यात. पाणी बदलताना बादलीत जे पाणी निघते त्यातच स्पंज दोन-तीनदा हलका पिळा. गाळ निघाला की पुरे, पांढरा करू नका. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच धुवा. साबण कधीही नाही.

४) दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. नळाचे पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवले की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात क्लोरीन घालवणारे थेंब मिळतात. आपल्याकडे पाणी साठवायची सवय आहेच, ती इथे उपयोगी पडते.

५) काढलेले पाणी मोरीत ओतू नका. त्यात नायट्रेट आहे, म्हणजे खत. कढीपत्ता, तुळस, शाळेची परसबाग यांना घाला. टंचाईच्या दिवसांत 'माशांसाठी पाणी कशाला' असे कोणी विचारले तर हे उत्तर तयार ठेवा.

६) लाइट गेली तर? या जीवाणूंना ऑक्सिजन लागतो. फिल्टर बंद पडला की प्रवाह थांबतो, आणि बंद डब्याच्या फिल्टरमध्ये काही तासांत ऑक्सिजन संपतो. टाकीच्या आतला स्पंज त्या मानाने टिकतो. लाइट नसताना खाद्य देऊ नका. मगने पाणी काढून थोडे उंचावरून परत ओता, दर अर्ध्या तासाने दहा-बारा वेळा. मुलांना हे काम फार आवडते. डब्याचा फिल्टर बराच वेळ बंद राहिला असेल तर त्यातले साचलेले पाणी फेकून मगच चालू करा.

७) ऋतू लक्षात ठेवा. उन्हाळ्यात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २० अंशाला लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. आपल्याकडच्या थंडीत जीवाणूंचे काम मंदावते. दोन्ही वेळी खाद्य कमी करा.

८) औषध जपून. काही औषधे, विशेषतः प्रतिजैविके, रोगाच्या जंतूंबरोबर या कामगारांनाही मारू शकतात. आजारी मासा वेगळ्या भांड्यात ठेवून औषध द्या.

९) गोल काचेचा बोल भेट देऊ नका. तीन-चार लिटर पाणी, फिल्टर नाही, आणि त्यात गोल्डफिश, जो वाढून वीतभर होऊ शकतो. ती भेट आठवडाभरात रडायला लावते.

७. वर्गातला उपक्रम (मासे न वापरता)

साहित्य : दहा-पंधरा लिटरची पारदर्शक बरणी किंवा छोटी टाकी, हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, धुतलेली वाळू, क्लोरीन गेलेले पाणी, माशांचे खाद्य, आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट तपासायचे थेंबांचे किट.

कृती : रोज ठरलेली चिमूट खाद्य टाका. दर तीन दिवसांनी तिन्ही चाचण्या करून रंगाप्रमाणे आकडा तक्त्यात लिहा. आलेखकागदावर तीन रंगांत तीन रेषा काढा.

काय दिसेल : आधी अमोनिया चढतो. मग तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढते. शेवटी नायट्राइटही शून्यावर येते आणि नायट्रेट चढत राहते. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट आहे, हे आठवडाभर टिकले की टाकी तयार.

चर्चेसाठी प्रश्न :
- नायट्राइटची रेषा अमोनियाच्या नंतरच का चढते?
- पाणी स्वच्छ दिसते त्या दिवशी ते सुरक्षित असतेच का?
- टाकीत झाडे लावली तर तिसऱ्या रेषेचे काय होईल?
- नायट्रेट टाकीतच आपोआप का संपत नाही? (विनायट्रीकरणाला ऑक्सिजन नसलेली जागा लागते, ही सूचना शेवटी द्या.)

शेवटी

'स्वच्छ' या शब्दाचा अर्थ आपण मुलांना बहुधा डोळ्यांनी शिकवतो. चकचकीत म्हणजे स्वच्छ. टाकी हा धडा थोडा दुरुस्त करते. हात धुवायचे ते साबणानेच, पण फिल्टर मात्र धुवायचा नाही, खंगाळायचा. कुठे काय, हे कारण समजल्याशिवाय कळत नाही, आणि कारण सांगणे आपले काम आहे.

त्या मुलीला मी खरे उत्तर दिले, पण जवळजवळ वर्षभर उशिरा. ती म्हणाली, "मग सर, तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं?" मी म्हणालो, "मला तेव्हा माहीत नव्हतं." वर्गातली नवी टाकी तिच्याच तुकडीने लावली. सहा आठवडे ती रिकामीच होती आणि येणारा-जाणारा विचारायचा, "मासे कुठे आहेत?" मुले सांगायची, "अजून विरजण लागतंय."

तुमच्या घरी किंवा शाळेत टाकी असेल तर या रविवारी स्पंज धुण्याआधी एकदा हा पाठ मुलांबरोबर वाचा.